चाकावरचा कोंबडा

पुलगावच्या लिलावातून आम्ही दोघा भावांनी महायुद्धातला मिलिटरीचा ट्रक हिंगणघाटला आणला. कॅबिन पार सडलेली. मी घणाचे घाव घालून दार सरळ करत होतो, तर रंगाखाली बुजवलेली गोळ्यांची भोकं उघडी पडली. असला माल गळ्यात मारला म्हणून चिडून ड्रायव्हरची सीट पहारीनं उचकटली. खालच्या पत्र्यावर वाळलेल्या रक्ताचा काळा थर होता. तो खरवडताना माझेच हात सोलले.

नवा रंग देऊन तो सुकल्यावर थोरला भाऊ कोंबडा घेऊन आला. चाकावर रक्त सांडल्याशिवाय नवी गाडी रस्त्यावर काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. त्यानं सुरी काढताच मी त्याची गचांडी धरून त्याला दारावर आपटलं.

"सोड मले! उद्या गाडीनं जीव घेतला म्हंजे?"

"घेतला नं तिनं, दादा! आखीन किती रगत पाजतं तिले?"