सोनगीरला उतरलेले नाना

वडील गेल्यापासून वर्षभर मी देवाशी अबोला धरला होता. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते वीज खात्यात लाईनमन होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. उन्हाळ्यात शिरपूरला आत्याकडे गेले आणि दुपारच्या एसटीनं धुळ्याला परत निघाले. तिकीट धुळ्याचं होतं, पण उतरले सोनगीरला. का, ते कुणालाच कळलं नाही. दवाखान्यातून फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं. कुणा जीपवाल्यांनी त्यांना आणून सोडलं आणि ते निघून गेले, एवढंच तिथे समजलं. ज्या माणसानं कित्येक दिवाळ्या घरात न काढता खांबावर काढल्या, त्याला शेवटी रस्त्यावर बेवारशासारखं पडावं लागलं, याचा मला फार राग होता. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या घरात देव्हारा आहे, पण मी त्याच्यासमोरून मान वळवून जायचो.

आईला असला राग नव्हता. तिला एकच गोष्ट छळत होती. दोन दिवसांआड मला विचारायची, "त्यासना तोंडमा कोनी पानी टाकं व्हई का रे?" मी आधी आधी म्हणायचो, टाकलंच असेल गं. पुढे पुढे चिडायचो. मग ती पाण्याचा पेला ओठांपाशी नेऊन तशीच बसून राहायची. ते बघवत नसे.

नाना म्हणजे एक वल्लीच. लग्नाला गेले की लोक नवरीकडे बघायचे, हे मांडवावरून गेलेल्या तारांकडे. निवृत्त झाले तरी पक्कड आणि टेस्टर घातलेली कापडी पिशवी खांद्यावरून उतरली नाही. आईसाठी उघडपणे गजरा आणायची लाज वाटायची, म्हणून मोगऱ्याच्या कळ्या त्याच पिशवीत लपवून आणायचे. कळ्यांना ग्रीसचा वास लागायचा, आई तरी कौतुकानं माळायची. हातातलं काम अर्धवट टाकून मात्र ते कधी कुणाचं ऐकून घरी आले नाहीत. त्यावरून आम्ही त्यांच्याशी भरपूर भांडलो आहोत.

यंदा श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली कुलदेवी, बसली. नाना गेले त्या वर्षी बसवली नव्हती. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात (माझ्या लेकी यावरून दरवर्षी कुरकुर करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे). तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. गहू काढायला आई बसली. पहिली मूठ नानांची, मग माझी, मग धाकट्या भावाची, मग त्याच्या मुलाची. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं चारही काढल्या आणि शेवटची सुपात पडल्यावर तिच्या लक्षात आलं. ती रडली नाही, नुसती सुपाकडे बघत राहिली. देवीच्या नावानं काढलेलं परत कोठीत घालता येत नाही. तसेच चौघांचे गहू दळून आले.

रविवारी नैवेद्य झाला, पानं मांडली, तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. "लाईनमन नानासनं घर हाईच शे का?" त्यानं पिशवीतून पक्कड काढून पुढे धरली. दांड्याला लाल टेप गुंडाळलेली, त्यावर नानांनी खिळ्यानं कोरलेलं नाव. मी ती हातात घेतली आणि त्याला आत बोलावलं.

तो सोनगीरजवळचा शेतकरी. त्या दुपारी वाऱ्यानं त्याच्या बांधावर विजेची तार तुटून पडली होती आणि लोक जवळ जाऊन बघत होते. नानांनी एसटीच्या खिडकीतून ते पाहिलं आणि पुढच्याच थांब्यावर उतरून मागे चालत आले. सगळ्यांना दूर केलं, लाईन बंद करायला फोन लावला आणि ती बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत उन्हात तारेपाशी राखणीला उभे राहिले. तिथेच छातीत कळ आली. लोक त्यांना जीपमध्ये घालायला लागले, पण ते जागचे हलेनात.

"तार बंद व्हयेल नव्हती ना," तो आईला म्हणाला. "मी सांगं, नाना, मी थांबस आठे, कोनले हात लावू देवाव नही. तवय बसनात गाडीमा. मन्हा हातथून दोन घोट पानी पिनात, माय."

म्हणून तो जीपबरोबर दवाखान्यात गेला नाही. शब्द दिला होता, तार राखत थांबला. मागे राहिलेली पक्कड घेऊन तो वर्षभर भेटेल त्या लाईनमनला विचारत होता, आणि त्याच आठवड्यात नानांबरोबर काम केलेला एक जण त्याला भेटला होता. आमच्याकडे त्या दिवशी कानबाई आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्यांच्या कुळात ती बसत नाही.

आई उठली आणि तिनं नानांच्या जागेवर पाट मांडला. तो माणूस संकोचून मागे सरला. रोट परक्यानं खायचा नसतो, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणाली, "ज्यानी त्यासले पानी दिधं तो परका कसा? बठा भाऊ." तो बसला. नानांच्या मुठीचा रोट त्यानं खाली मान घालून खाल्ला. माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून रडत होता. मीही रडलो, आणि बऱ्याच दिवसांनी देव्हाऱ्याकडे सरळ बघितलं.

हे कसं जुळून आलं ते मला सांगता येत नाही, आणि कुणाला पटवायचंही नाही. एक मात्र राहून राहून मनात येतं. जन्मभर हातातलं काम न सोडणाऱ्या माझ्या बापानं, ज्याचं नावही विचारलं नाही अशा माणसावर ते सोपवलं आणि स्वतः शांतपणे गाडीत बसला. मला वर्षभरात एक राग खाली ठेवता आला नव्हता.

सोमवारी पांझरा नदीवर कानबाई बोळवायला गेलो. दरवर्षी आई तिच्या कानाशी लागून काही ना काही मागते. यंदा तिनं नुसते हात जोडले. मी विचारलं, काही मागितलं नाहीस का. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "आते काय मांगू? ती तं तठे सोनगीरलेच व्हती."