ठेका विजूचा होता

विजूची बातमी मला तिच्या भावाच्या फोटोखाली वाचायला मिळाली. सकाळी ओट्यापाशी भाजी चिरत होते. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या माणसांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यावर रमेशने फोटो टाकला होता. खांद्यावर शाल, गळ्यात ढोलकी आणि तोंडभर हसू घेऊन रमेश उभा, आणि फोटोच्या कडेला अर्धी कापली गेलेली विजू. खाली लिहिलं होतं, 'माझी थोरली बहीण, माझ्या कलेची पहिली श्रोता, आज आपल्याला सोडून गेली.' श्रोता! मला आधी संताप आला, रडू नंतर आलं. आता महिना उलटून गेलाय, पण विजूची आठवण झाली की अजून हाच क्रम असतो.

विजूचे वडील चिंचवड गावठाणातल्या एका बँड पार्टीचे मास्तर. लग्नसराईत वराती वाजवायच्या आणि एरवी अंगणात पोरांना शिकवायचं. पोरांना म्हणजे पोरग्यांना. विजू आतून ऐकायची. एकदा मास्तर पडवीत कलंडले होते, अंगणात ढोलकी चालली होती. ते डोळे मिटूनच ओरडले, "शाब्बास रम्या! आता कसं, जमलं की!" बाहेर येऊन बघतात तर रम्या विटीदांडू खेळायला पळालेला, आणि ढोलकीवर विजू. ती सांगायची, "आबांनी आदी माज्या हातांकडं बघितलं गं. मग म्हनले, दार लावून वाजव." तिच्या बापाने तिला शिकवलं, हे खरं. मनापासून शिकवलं, तेही खरं. पण दार लावून.

माझी तिची गाठ पडली ती ऑर्केस्ट्रात. मी तिथे गाणी म्हणायचे. कंपन्यांचे गणपती, कामगारांचे मेळावे, कॉलन्यांमधली नवरात्रं... पिंपरी ते चाकण, कुठेही स्टेज बांधलेलं असलं की आम्ही हजर. आमचा ड्रमर कंपनीत कायम झाला आणि त्याने तालमीला यायचं सोडलं. मालक डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा आमच्याकडे ढोलकी वाजवणाऱ्या रमेशसोबत आलेली ही किडकिडीत मुलगी म्हणाली, "मी बसू का?" ड्रम सेटवर ती त्याआधी कधी बसलेली नव्हती. पहिलं गाणं अडखळलं, दुसरं बरं झालं, आणि तिसऱ्याला मी गाता गाता मागे वळून बघितलं. गाणाऱ्याला पाठीमागून कुणीतरी उचलून धरल्यासारखं वाटतं, तसा ठेका होता तो.

मालकांनी तिला घेतलं ते ठेक्यासाठी नव्हे. पुढच्या पोस्टरवर आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत 'लेडी ड्रमर' छापलं होतं. नाव नव्हतं, नुसतं लेडी ड्रमर... जत्रेत दोन डोक्यांचं वासरू दाखवतात तसं. तिला चमचमत्या टिकल्यांचा झगा दिला. निवेदक प्रत्येक कार्यक्रमात तिच्यावर तेच विनोद करायचा, माणसं खिदळायची. भोसरीला एकदा पहिल्या रांगेतला कुणी पुढारी ओरडला, "तिला जरा उठून नाचायला सांगा की राव!" निवेदक लगेच माइक घेऊन तिच्याकडे वळला, "काय मग विजयाताई, मायबाप रसिकांची फर्माईश..." विजूने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तिने ठेका धरला आणि वाढवत नेला. तो बोलायला तोंड उघडायचा, ती झांज हाणायची. लोकांना आधी गंमत वाटली, मग ते गप्प झाले, आणि मग मागच्या रांगांमधल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. निवेदक विंगेत गेला. मी आयुष्यात बऱ्याच टाळ्या ऐकल्या, काही माझ्या वाट्यालाही आल्या. तशा टाळ्या पुन्हा ऐकल्या नाहीत.

मग ती कॅसेट. पुण्यातल्या एका स्टुडिओत लोकगीतं ध्वनिमुद्रित होणार होती. गायला मी आणि आणखी एक जण होतो, ढोलकीला रमेश, आणि सोबत म्हणून विजू आली होती. रमेशचा हात वाईट नव्हता, पण स्टुडिओच्या काचेमागे तो घाबरला. लय धावायला लागली. पुन्हा पुन्हा घेतलं, पुन्हा पुन्हा मोडलं. शेवटी विजू उठली, त्याच्या मांडीवरून ढोलकी घेतली आणि म्हणाली, "तू जा, चहा पी." सगळीच्या सगळी गाणी तिने वाजवली. मी तिथे होते, तिच्यापासून हातभर अंतरावर गात होते. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर 'ढोलकी : रमेश' होतं. कव्हरं आधीच छापून झाली होती, पुढच्या खेपेला दुरुस्त करू, असं सांगितलं गेलं. ती कॅसेट गावोगाव वाजली. खेपांवर खेपा निघाल्या, नाव तेच राहिलं. विजू तेव्हा हसण्यावारी न्यायची. "ऱ्हाऊ दे गं. ठेका माझा हाय हे रम्याला तरी ठावं हाय ना?"

इथेच ती चुकली. रमेशला ठाऊक होतं, पण तो ते हळूहळू विसरला. खोटं बरीच वर्षं सांगितलं की सांगणाऱ्याला ते आठवणीसारखं दिसायला लागतं. त्या कॅसेटवर त्याला कामं मिळाली, शिष्य मिळाले, पुढे सत्कार सुरू झाले. मधल्या काळात विजूचं लग्न झालं होतं. दत्ताभाऊजी चाकणच्या एका कारखान्यात फिटर, सालस माणूस, दारूचं व्यसन नाही, हात उगारणं नाही. फक्त त्यांच्या आईने सांगितलं, "आमच्यात बायका वाजवत नाहीत," आणि भाऊजी म्हणाले, "आई म्हणतीय तर राहू दे." एवढ्या साध्या वाक्यात तो ड्रम सेट, ते बायकांच्या टाळ्यांचं स्टेज, सगळं संपलं. वाईट माणसाशी भांडता येतं हो. सालस माणसाचं काय करायचं?

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी ताथवड्याला एका लग्नाला गेलो होतो. जवळच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव चालला होता. कॉलेजच्या मुली कमरेला ढोल बांधून बेभान वाजवत होत्या. विजू कुंपणापाशी खिळून उभी राहिली. एक मुलगी प्रेमाने म्हणाली, "काकू, जरा मागे सरका हं, टिपरू लागेल." विजू मागे सरकली. रिक्षात मी विचारलं, "बघून बरं वाटलं ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "राग आला. त्यांचा न्हाई गं... त्यांचं चांगलंच हाय."

पोटाच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली, तेव्हा रमेश दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला होता. तो गेल्यावर मी म्हटलं, "आता सोडून दे विजू. माफ कर त्याला." तिने डोळे उघडले. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "न्हाई करायची. मेल्यावर बी न्हाई." मला ते लिहायलाच हवं, कारण शोकसभेत रमेशने डोळे पुसत सांगितलं की ताईने शेवटच्या भेटीत त्याला आशीर्वाद दिला.

त्या सभेत मी उठले. बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं, तरी उठले. म्हणाले, "त्या कॅसेटवरची ढोलकी विजूने वाजवलेली आहे. सगळी. मी शेजारी बसून गायलेय." मला वाटलं, झालं, निघालं एकदाचं तोंडातून. रमेश माइक घेऊनच व्यासपीठावरून उतरला, माझ्यापुढे वाकून त्याने हात जोडले, आणि माइकवर म्हणाला, "नीलाताईंचं मन भरून आलंय. मैत्रीच अशी होती." लोक हळहळले. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. चक्क टाळ्याही पडल्या... माझ्या मैत्रीला.

परवा तिच्या घरी गेले होते. भाऊजी आता मुलाकडे राहायला जाणार, फ्लॅट भाड्याने देणार. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जुनी सागवानी फळी आहे. तिच्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "नीलाताई, हे बघा. दोन खळगे पडलेत. इथं नारळ फोडायची का काय ही? एजंट म्हणतो, फळी बदलून घ्या."

भाऊजी पहिल्या पाळीला गेले आणि सासूबाई देवळात गेल्या की विजू त्या फळीवर गोधडीची घडी टाकायची आणि ड्रमच्या जुन्या काठ्या घेऊन बसायची. मी गेले की मी हलक्या आवाजात गायचे. लग्नानंतर थेट आजारी पडेपर्यंत, आठवड्यातून एकदा तरी. गोधड्या झिजल्या, तिने नव्या शिवल्या. मी भाऊजींना हे सगळं सांगितलं.

ते खुर्ची ओढून बसले. "पण तिनं तर वाजवायचं सोडलं होतं," ते म्हणाले. "तिनंच सांगितलं होतं मला."

"तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी फळीवर हात ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. सुतार माप घ्यायला आला होता.