बिनपाण्याचा घास

डॉ. मालतीबाईंशी माझी ओळख झाली, ती राजारामपुरीत त्यांच्या दातांच्या दवाखान्यासमोरच मी माझाही थाटला त्या दिवशी. बाई पेढे घेऊन आल्या, माझी नवी खुर्ची वरखाली करून पाहिली आणि म्हणाल्या, "काही अडलं तर हाक मारा, डॉक्टर." मला ते मुळीच आवडले नाही. आज त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात लिहायचे, तर खरे तेच लिहितो. मी या बाईंवर आजवर जळत आलो आहे.

माझ्याकडे एसी, त्यांच्याकडे पंखा. तरी उचगावचा म्हातारा रिक्षातून उतरला, की माझ्या पाटीकडे पाठ फिरवून त्यांची पायरी चढणार. बाईंची एक रीत आहे. वयस्कर रुग्णाला त्या आधी वाळक्या भाकरीचा तुकडा चावायला देतात. पाण्याशिवाय तो उतरेना, की लाळ कमी पडते आहे हे ओळखून कोणती औषधे चालू आहेत ते विचारतात. "सगळं वयावर ढकलू नका. वयानं लाळ थोडी आटते, गोळ्यांनी त्याहून जास्त," असे त्या आम्हा दंतवैद्यांना प्रत्येक बैठकीत ऐकवतात.

गेल्या वर्षी माझ्या आईची कवळी तोंडात टिकेना. मी ती पुन्हा पुन्हा घासून, बसती करून दिली, तरी आई अर्ध्या ताटावरून उठायची. एके दुपारी ती मला समोरच्या पायऱ्या उतरताना दिसली. माझी आई, आणि तिथे! मी तरातरा रस्ता ओलांडला.

"अगं, घरात डॉक्टर असताना इकडं?"

"मग काय करू? तुझं बाबा गेल्यापासनं माझं मन लागंना, म्हणून गोळी चालू हाय. तुला सांगितलं असतं तर जिवाला लावून घेतलं असतंस. हितं बाईंनी भाकरी दिली, गिळंना. त्यांनी इचारलं, मी सांगून टाकलं की."

बाबांनंतर अंथरूण धरलेली आई आपोआप सावरली, असे मी समजत होतो. तिथे गोळीनेच तोंड कोरडे पडते आणि लाळेवाचून कवळी धरत नाही हे कळल्यावर ती गोळीच बंद करायला निघाली होती. बाईंनी तिला थांबवले. तिच्यासमोरच मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला, त्यांच्याकडून औषध बदलून घेतले आणि घोट घोट पाणी पीत राहायला सांगितले. हळूहळू आईचा घास उतरू लागला. आता ती भाकरी रश्शात न बुडवता खाते.

आनंद झालाच, पण आधी हेवा वाटला. बाईंचे आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "यात तुमची चूक नाही. आया पोटच्या पोराला असलं सांगत नाहीत." माझे समाधानही त्यांनीच करावे, याचाही मला राग आला.

शतायुषी व्हा, असे बाईंना सगळेच म्हणतील. मीही म्हणतो, पण माझा त्यात स्वार्थ आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, हात स्थिर राहोत आणि दवाखाना बंद करायचा विचार त्यांच्या मनाला न शिवो. त्या थांबल्या, तर आई मनातले दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. मला तर नाहीच.