माझ्या भावाला दिसलेला चापडा

गोरक्ष माझा सख्खा भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहाना. घरात आम्ही त्याला गोरख म्हणतो. मी सातवी शिकलो, पण अंजनेरीपासून पेठपर्यंत असा भाऊ दुसऱ्या कोणाला नाय, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. माझ्या जीपमधी बसणारं प्रत्येक सीट हे ऐकूनच उतरतं.

त्याच्यात एक गोष्ट कमी हाय, ती आधी सांगून टाकतो. त्याला हिरवा अन् लाल वेगळा दिसत नाय. आम्हाला ते टोमॅटोच्या तोडणीत कळलं. दहा वर्षांचा व्हता. क्रेट भरून आणायचा अन् त्यात अर्धे कच्चे. आमचे वडील, नाना, त्याला म्हणायचे, "ध्यान कुठं असतं तुझं?" तो नुसता एक एक टोमॅटो दाबून बघायचा. मी म्हणलं, दाबतो कशाला, डोळे नाय का? तर म्हणला, "दादा, सगळे सारखेच तर हायेत." तवापासून तोडणीला मी त्याच्या मागच्या सरीत चालतो. त्याच्या क्रेटमधले कच्चे मी गुपचूप काढतो. नाना गेले, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाय.

बारावी झाल्यावर त्यानं रेल्वेचा फॉर्म भरला. लेखी परीक्षेत पास झाला. मी त्याच दिवशी त्र्यंबकहून तीन किलो पेढे आणले अन् अख्ख्या गावाला सांगितलं की माझा भाऊ मनमाडला लागला. मेडिकल बाकी व्हतं, ते मला काय विशेष वाटलं नाय. तिथं डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. ठिपक्यांत आकडा असतो म्हणे. गोरखला नुसते ठिपके दिसले. संध्याकाळी परत आला अन् गोठ्यात जाऊन बसला. त्यानंतर लोक भेटले की विचारायचे, "काय रे, गाडी कधी सोडतोस मनमाडहून?" पेढे मी वाटले, ऐकावं त्याला लागलं.

म्हणून तो दिवसा गावात फिरायचा बंद झाला. रात्री बॅटरी घेऊन डोंगराखालच्या रानात फिरायचा. बेडूक, पाली, झोपलेले घोयरे सरडे, साप. कशाला हात लावायचा नाय, मारायचा तर नायच. बसून बघायचा. आई मला म्हणायची, "धनराज, त्याला एकट्याला सोडू नको रे." मी दोन-तीनदा गेलो बरोबर. मला साप-बीप काय वाटत नाय, पण गवत लय वल्लं असतं.

या पावसाळ्यात अंजली मॅडम आल्या. रात्री निघणाऱ्या जनावरांची नोंद करायचं त्यांचं काम, वनखात्याची परवानगी घेऊन. नाशिकहून माझ्याच जीपमधी बसल्या. म्हणल्या, रान माहीत असलेला एक माणूस पाहिजे, वर्षभरासाठी, पगारी. मी गिअर टाकता टाकता सांगून मोकळा झालो, "मॅडम, माझ्या भावाला घ्या. अंधारात नुसता रंग बघून कोणतं जनावर ते सांगतो."

घरी येऊन गोरखला सांगितलं, तर त्यानं डोक्यालाच हात लावला.

"दादा, दुसरं काय सांगायला नव्हतं का तुला?"

"अरे, तोंडातून गेलं."

"परत मनमाड होईल."

ते मला लय लागलं. मी म्हणलं, "मी येतो ना मागं. टोमॅटोला चालतो तसा. रंग मी बोलतो, तू माझ्यामागून बोल."

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला आम्ही तिघं निघालो. गोरख पुढं, मॅडम मधी, मी मागं. मॅडमच्या कपाळावर दिवा अन् हातात वही. पहिल्या ओहोळाला गोरख थांबला. "बेडूक. त्या पानावर."

मी मागून म्हणलं, "आयला, काय पिवळा हाय रे."

"पिवळा हाय, मॅडम," गोरख म्हणला.

मॅडमनी फोटो काढला. "पोटाकडं?"

मी वाकलो. "मला तर पांढुरकं दिसतंय."

"पांढुरकं," गोरख म्हणला.

मॅडम मागं वळल्या. दिवा माझ्या डोळ्यांत. "धनराजभाऊ, परीक्षा त्यांची आहे की तुमची?"

"मी आपला हौशी," मी म्हणलं.

पुढं बांबूच्या काटकीवर एक घोयरा शेपूट गुंडाळून झोपला व्हता. दिवसा झाडात हरवणारं जनावर, पण रात्री झोपेत फिकं पडतं अन् उजेडात खडूसारखं दिसतं. ते मलाही दिसलं. मी रंग बोललो, गोरख बोलला. मला वाटलं, झालं काम, पगार चालू.

मग कारवीचं रान लागलं. पायवाट निसरडी व्हती. मॅडमचा पाय घसरला अन् आधाराला त्यांनी कारवीच्या दांड्याकडं हात टाकला. गोरखनं मधीच त्यांचं मनगट धरलं. जोरात नाय, जसं लहान पोराचं धरतो तसं.

"मॅडम, हात तिथंच ठेवा. आता हळू मागं घ्या."

"काय आहे?"

"चापडा हाय. तुमच्या बोटांपासून वीतभर."

चापडा म्हणजे विषारी, झाडावर बसणारा. मॅडमनी दिवा मारला. मी बॅटरी मारली. नुसती पानं. आम्ही दोघं डोळे फाडून बघतोय अन् काहीच नाय. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांनाही दिसेना.

"कोणत्या रंगाचा?" मॅडमनी विचारलं.

मी बोलायचं व्हतं. पण मला साप दिसतच नव्हता, तर रंग काय सांगू? त्यानं मागं वळून माझ्याकडं एकदा बघितलं. तोडणीत बघायचा तसंच. माझी बॅटरी पानांवर फिरत राहिली.

"मॅडम," तो म्हणला, "मला रंग कळत नाय. हिरवा अन् लाल मला एकच. आतापर्यंत दादा सांगत व्हता."

"मग हा कसा दिसला?"

"पानाला मधी शीर असते, याला नाय. अन् वारा आला की सगळी पानं हलतात, हा एवढाच हलत नाय. तुम्ही हिरवं बघताय, म्हणून तुम्हाला सगळं पानच दिसतंय. खालून तिसरं पान. तिथून वर डोकं हाय बघा."

त्यानं काडीनं लांबून दाखवलं. मग दिसला. हिरवागार, दांड्याला वेटोळं घालून, तिकोनी डोकं. एकदा दिसल्यावर वाटलं, एवढा मोठा कसा चुकला. माझ्या अंगावर काटा आला, ते थंडीनं पण असेल.

मॅडमनी फोटो काढले. वहीत काहीतरी लिहिलं अन् वही मिटली. "आज बास. उद्या बोलू."

मॅडमना जीपनं त्यांच्या मुक्कामावर सोडलं. त्या उतरताना मी म्हणलं, "मॅडम, खोटं मी बोललो. त्यानं नाय." त्या नुसतं हं म्हणल्या. घरी गोरख अंथरुणावर पडला अन् म्हणला, "दादा, झोप. मला बरं वाटतंय." मला झोप लागली नाय.

सकाळी टोमॅटोची तोडणी व्हती. गोरख पुढच्या सरीत, मी मागच्या. सात वाजता मॅडम बांधावरून आल्या, चिखलानं बूट भरलेले. उभ्या राहून बघत राहिल्या. गोरख एक एक टोमॅटो दाबत व्हता.

"गोरक्ष, रंगाचं काम कॅमेरा करतो," त्या म्हणल्या. "मला न दिसणारं दाखवणारा माणूस पाहिजे. एक तारखेपासून या."

गोरखच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला.

मी विचारलं, "मग काल रंग कशाला विचारत व्हत्या?"

"तुम्ही जीपमध्ये एवढं सांगितलंत म्हणून. बघावं म्हटलं." मग गोरखकडं वळून म्हणल्या, "काल रंग सांगता आला नाही, त्यानं काही बिघडलं नाही. खोटं रेटलं असतं तर मात्र आज मी आले नसते. जंगलात माझ्यापुढं तुम्ही चालणार आहात."

त्या गेल्यावर मी म्हणलं, "पेढे आणतो."

"पहिला पगार होऊ दे, दादा," तो म्हणला अन् हसला. मनमाडनंतर पहिल्यांदा हसला.

मी त्याचं क्रेट उचललं. वरच चार कच्चे व्हते, हिरवे टणक. हात गेला माझा सवयीनं. मग तसेच राहू दिले अन् क्रेट गाडीत चढवलं.

गिरणाऱ्याच्या मार्केटला व्यापाऱ्यानं ते चार उचलून मला दाखवले. "धनराज, हे कसे आले? तुझ्या मालात असं कधी नसतं."

"माझ्या भावानं तोडलेत," मी म्हणलं. "ठेव जागेवर."