टर्बोची हवा आणि वसंताचा श्वास

मंडळी, आज लेकाच्या गाडीनं परंड्याला निघालो. "काका, लवकर या," असा वसंताच्या सुनेचा फोन आला होता. वसंता म्हणजे माझा शाळूसोबती.

बार्शीच्या अलीकडं गाडी चढ ओढेना. दाबली की नुसता फुस्स आवाज.

गॅरेजवाल्यानं टर्बोच्या पाइपात कंप्रेसरची हवा सोडली आणि वरून साबणाचा फेस लावत गेला. एका जागी बुडबुडे आले.

"हितं चीर हाय बघा. हवाच टिकत न्हाय, इंजिन काय ओढंल?"

"जरा लवकर करा हो."

"आजोबा, गरम पाइप हाय. हात भाजला तर तुमीच बसवा मग!"

बाकड्यावर बसल्या बसल्या शाळेतली पेटी आठवली. निजामाचं राज्य जाऊन वर्गात मराठी कविता नुकत्याच आल्या होत्या. वसंता भाता हलवायचा, गुरुजी वाजवायचे, मी गायचो. सूर मरायला लागला की गुरुजी भात्याजवळ उदबत्ती धरायचे. धूर जिथं थरथरला, तिथं खळ लावून कागद चिकटवायचे.

नवा पाइप बसवून परंड्याला पोचलो. वसंताच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यानं मला ओळखलं. आमची कविता म्हणायला ओठ हलवले, पण श्वास पुरेना. मग मी म्हणायला लागलो, तर दुसऱ्या ओळीलाच त्यानं माझा हात धरला.

पाइपाची चीर सापडली, भात्याचीही सापडायची. इथं डॉक्टरांनीच हात टेकलेत.

अजून त्याच्या उशाशीच आहे. त्यानं माझा हात सोडलेला नाही, म्हणून हे एका हातानं लिहितोय. अशा वेळी काय बोलायचं असतं हो?