ताट उचलण्याआधी

"नाय आवडला का?"

ताटात चार शितं जास्त उरलेली दिसली की ताईंचा हा प्रश्न यायचाच. सूर भांडणाचा नाही, काळजीचा. आणि विचारताना नजर पाहुण्याच्या तोंडावर नाही, ताटावर. भलेभले साहेब गांगरून उरलेला घास तोंडात टाकताना मी पाहिले आहेत.

कोलाडजवळच्या आमच्या रिसॉर्टमध्ये वर्षभराच्या उमेदवारीला या बाई आल्या तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांना वाढप शिकवणारा मी तीसचा, आणि सोबतचे उमेदवार विशीतले. सगळे त्यांना ताई म्हणायचे. पेणकडच्या खाडीकाठच्या, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. "पायाच्या भेगांत मीठ जातंय सर. हितं बूट तरी देतात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

कामाला एकदम चोख. नॅपकिनच्या घड्या त्यांच्यासारख्या मलाही जमत नाहीत, हे आता कबूल करायला हरकत नाही. पंचवीस जणांत कोण तिखट खातं आणि कोण नाही, हे न लिहिता लक्षात. खोड एकच. पाहुण्याने जेवण झाल्याची खूण म्हणून चमचे जोडून ठेवले की मुकाट्याने ताट उचलायचं, हा आमचा नियम त्यांना काही केल्या पटेना.

"घरी आलेला माणूस अर्धा जेवून उठला तर तुम्ही गप ऱ्हाल?"

"हे घर नाही, ताई."

"मंग त्यांना पाहुणे कशाला बोलता?"

मी त्यांना ग्लास पुसायला पाठवलं.

पुढे डाएटवाल्या एका मॅडमनी तक्रार केली. मॅनेजरने सुनावलं, उमेदवारीच्या शेवटच्या परीक्षेत असं झालं तर नापास, आणि नापास उमेदवाराला आम्ही कायम करत नाही. ताई घाबरल्या. त्यांना पुन्हा मिठागरात उतरायचं नव्हतं. मग आठवडाभर आमचा सराव चालला. मी पाहुणा होऊन अर्धी भाकरी टाकायची, त्यांनी ओठ मिटून ताट उचलायचं. सराव संपला की तीच भाकरी मला खायला लावायच्या.

दोन वर्षं आमच्याकडे कायम नोकरी करून त्या आता रोह्याच्या एका हॉटेलात गेल्या आहेत. हाताखाली सहा मुली आहेत म्हणे. त्यांच्याशिवाय आमचा हॉल मला अजून सुनासुना वाटतो, आणि आठवण निघाली की परीक्षेचा तो दिवसच समोर येतो.

बाहेरून आलेले परीक्षक वरणभात जेवले. अर्धा भात ठेवून त्यांनी चमचे जोडले. मी दारात उभा. ताईंचे ओठ हलले, मिटले. ताट आवाज न करता उचललं गेलं. परीक्षकांनी कागदावर सही केली. पास.

मला आनंद झाला, आणि चोरी केल्यासारखंही वाटलं. इतक्या मायेनं विचारणाऱ्या बाईला गप्प राहायला मीच शिकवलं होतं.

आत गेलो तर त्या उरलेल्या भाताकडे बघत उभ्या होत्या.

"पास झाली ना मी?"

"झालात."

"सही झाली? आता बदलायची नाय?"

"नाही."

"मंग आता जाऊन इचारू का त्यांना?"

मी मान डोलावली. त्या पार्किंगकडे पळाल्या. मी खिडकीतून बघत राहिलो. गाडीची काच खाली आली, परीक्षक गालाला, दाढेपाशी हात लावून काहीतरी सांगू लागले, आणि ताई वाकून ऐकत होत्या. गाडी चालू होती, पण बराच वेळ जागची हलली नाही.