पाडव्यानंतरचा फोन

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच — तिच्याकडून तिच्या बहिणीला कळली असती, आणि बहिणीकडून अविनाशला. अविनाश म्हणजे माझा साडू. तो मला तेव्हा आवडत नव्हता, आजही आवडत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा ठेवू नका.

तो हिंजवडीला, सॉफ्टवेअर कंपनीत. सहा महिने अमेरिकेत राहून आला आणि नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शिरताना दारात वाकू लागला — दार पुरेसं उंच असूनही. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. राज्यं कशानं बुडतात हे दरवर्षी नव्या मुलांना सांगायचो.

त्या वर्षी सासूबाईंना समुद्र बघायचा होता. बालपण गुहागरकडचं, पुण्यात, कसबा पेठेत लग्न होऊन आल्यावर तिकडे दोनदा गेल्या असतील, फार तर. गुडघे गेले होते. यंदा जमलं तर जमलं, असं त्या म्हणाल्या. अविनाशनं दुसऱ्याच दिवशी एका रिसॉर्टचे रंगीत प्रिंटआउट आणले. त्यात पोहण्याचा तलाव, आणि तलावाच्या पलीकडे समुद्र. समुद्राकाठी तलाव कशाला, असं मी विचारलं. सगळे हसले. त्या हसण्याच्या भरात मी घर शोधायची जबाबदारी घेतली.

घर मिळालंही. वाळूला लागून, एका सहकाऱ्याच्या ओळखीतल्या काकूंचं. आगाऊ काही नको, पावती नाही. मे महिन्याच्या पानावर नाव लिहून ठेवते, काकू म्हणाल्या; पाडवा झाला की एकदा फोन करून नक्की कळवा, मग इतरांना नाही म्हणेन. अविनाशनं माझ्याकडून नंबर घेऊन त्यांना फोन केला — एसी आहे का, कमोड आहे का. करणारच.

पाडव्यानंतरचा तो फोन मी केला नाही.

विसरलो? विसरलो असतो तर बरं. बायकोनं दोनदा आठवण करून दिली. पण मी एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं? आणि कुणाला — खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईला? याला आमच्याकडे बाणेदारपणा म्हणतात. काकूंनी त्याचा सरळ अर्थ लावला आणि घर दुसऱ्यांना दिलं. निघायच्या आठवडाभर आधी, गाडी कुठे लावायची हे विचारायला फोन केला, तेव्हा मला कळलं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. तुमचा निरोप नाही, मला वाटलं बेत रहित झाला, एवढंच म्हणाल्या. पुढचे तीन दिवस कॉलेजच्या फोनवरून मी सगळा किनारा धुंडाळला. मे महिन्यात कुठे खोली मिळते? अविनाशचं रिसॉर्टही केव्हाच भरलं होतं.

इथे थांबलो तर एका आढ्यतेखोर माणसाची चूक म्हणून खपून जाईल. नाही का? पण कबूल करायचं आहे ते हे नाहीच.

रविवारी कसब्यात सगळे जमले होते. सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि — अगदी सहज — म्हणालो, "काकूंनी घर द्यायला नकार दिला. अविनाश, तू त्यांच्याशी बोललास तरी कसा?"

असले पाहुणे नकोत म्हणाल्या, हेही जोडलं. कुणी काकूंना फोन करून खात्री केली नाही. कशाला करतील? अविनाश कसा बोलतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझं खोटं त्याच्या लौकिकावर तरलं.

मला वाटलं होतं, भांडेल. तो बराच वेळ आठवत बसला. मग सासूबाईंच्या जवळ जाऊन खाली बसला आणि म्हणाला, कमोडचं विचारताना आवाज चढला असेल, लक्षात आलं नाही, माफ करा.

"अविनाशराव," सासूबाई म्हणाल्या, "माणसांशी बोलायचं कुणी शिकवलं नाही का हो तुम्हाला?"

मी समोर होतो. एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही, आणि — लिहूनच टाकतो — मला बरं वाटत होतं.

पुढचा उन्हाळा सासूबाईंनी पाहिला नाही. समुद्र राहून गेला. शेवटपर्यंत त्या अविनाशशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. पाणी मात्र माझ्या हातून घेत.

आता आम्ही दोन्ही कुटुंबं दर मे महिन्यात कोकणात जातो. घर अविनाश शोधतो. इंटरनेटवर सगळं ठरलेलं असतं, तरी तो घरमालकाला स्वतः फोन करतो. त्याआधी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढतो. "अहो, आपल्याला त्रास नाही ना," असं मऊ आवाजात दोनदा विचारतो. मग फोन ठेवून माझ्याकडे वळतो.

"दादा, नीट बोललो ना?"

"नीट बोललास," मी म्हणतो. दरवर्षी म्हणतो.